व्यायाम केलेलं शरीर आजारी पडतं तेव्हा

व्यायामप्रेमी : गंभीर संसर्गात माणूस जंतूंमुळे दगावतो, असं आपण सरसकट म्हणतो. खरं तर पुष्कळदा त्याचा जीव जातो तो त्याच्याच शरीराने जंतूंवर केलेल्या हल्ल्यात. २०१६ साली सेप्सिसची व्याख्या नव्याने ठरवली गेली, तेव्हा भर यावरच दिला होता. संसर्गाला मिळणारा शरीराचा प्रतिसाद ताळतंत्र सोडतो, त्यातून अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो, ती अवस्था म्हणजे सेप्सिस. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यूंमध्ये त्याचा वाटा होता, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने छापला आहे. म्हणून मला जंतू किती जहाल आहे यापेक्षा शरीर कसं वागतं हे जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि शरीराचं वागणं रोजच्या सवयींनी घडतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ साली केलेला प्रयोग बघा. आठ निरोगी पुरुषांना एकदा नुसतं बसवलं, एकदा तीन तास सायकल चालवायला लावली आणि दोन्ही वेळा ई. कोलाय या जिवाणूच्या कवचातलं विष अगदी सूक्ष्म प्रमाणात शिरेतून दिलं. बसलेल्या शरीरात दाह वाढवणारं टीएनएफ हे द्रव्य चढलं. सायकल चालवणाऱ्या शरीरात ते चढलंच नाही. माणसं तीच आणि विषही तेच. फरक काय तो स्नायू काम करत होते की नव्हते एवढाच.

संशयी : प्रयोग मला ठाऊक आहे आणि तो सुंदर आहे. पण त्यातून किती अर्थ काढायचा? आठ जण, सगळे तरुण आणि निरोगी. दिलेलं विष इतकं थोडं, की कुणी आजारी पडू नये. आयसीयूतला न्यूमोनियाचा पेशंट म्हणजे एकदा टोचलेलं विष नव्हे. त्याच्या फुप्फुसात जंतू दर तासाला वाढत असतात, ऑक्सिजन खाली येत असतो, मूत्रपिंडं मंदावत असतात. शिवाय त्या आठ जणांनी तीन तास सायकल चालवली ती विष मिळण्याच्या थोडंसं आधी आणि मिळत असताना. तुम्ही मला सांगताय ते वर्षानुवर्षं फिरायला जाणाऱ्या माणसाबद्दल. एका दिवसाचा परिणाम आणि दहा वर्षांच्या सवयीचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणखी एक. व्यायाम करताना स्नायूंतून रक्तात येतं आणि टीएनएफला आवर घालतं, असं मानलं जातं, ते द्रव्य म्हणजे इंटरल्यूकिन-६. त्या प्रयोगात हेच द्रव्य नुसतं बसलेल्यांना सलाइनमधून दिलं तरी तोच परिणाम दिसला होता. आता २०२० आणि २०२१ आठवा. टोसिलिझुमॅब या इंजेक्शनसाठी आपल्याकडे नातेवाईक शहरभर वणवण करत होते. ते औषध काय करतं? इंटरल्यूकिन-६चं काम अडवतं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत गंभीर कोविडच्या पेशंटांमध्ये त्याने मृत्यू कमी झाल्याचंही दिसलं. मग हे द्रव्य तारक म्हणायचं की मारक?

व्यायामप्रेमी : प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला तरी असं दिसतं की, ते कुठून येतं, कशाच्या सोबत येतं आणि किती वेळ राहतं, यावर सगळं ठरतं. संसर्गात इंटरल्यूकिन-६ येतं ते प्रतिकारपेशींकडून, टीएनएफच्या पाठोपाठ, आणि दिवसेंदिवस चढंच राहतं. स्नायू काम करतात तेव्हा ते टीएनएफशिवाय येतं, काही तासांत उतरतं आणि जाताना दाह शमवणाऱ्या इंटरल्यूकिन-१०सारख्या द्रव्यांना जागं करून जातं. कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन यांनी स्नायू हा संदेश पाठवणारा अवयव आहे ही कल्पना मांडली, ती यातूनच. रोज थोडा वेळ असा संदेश मिळत राहिला की शरीरातला कायमचा मंद दाह कमी राहतो, पोटाभोवतीची चरबी घटते, साखर ताब्यात राहते. मग खरा संसर्ग येतो तेव्हा शरीर आधीच तापलेलं नसतं.

तुम्हाला खरोखर आजारी पडलेली माणसं हवी आहेत, तर तीही देतो. दक्षिण कॅलिफोर्नियात कायझर परमनंटी ही मोठी आरोग्यसंस्था आहे. तिथे कुठल्याही कारणाने दवाखान्यात आलेल्या माणसाचा रक्तदाब घेताना त्याला दोन साधे प्रश्न विचारतात. आठवड्यातले किती दिवस तुम्ही झपाझप चालण्याइतका किंवा त्याहून जास्त व्यायाम करता? आणि त्या दिवशी किती मिनिटं? उत्तर रक्तदाबाच्या आकड्याशेजारी नोंदलं जातं. कोविड आला तेव्हा मागच्या दोन वर्षांच्या या नोंदी हाताशी होत्या. ४८,४४० कोविडग्रस्तांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम नियमाने करणाऱ्यांशी तुलना केली, तर अजिबात न करणाऱ्यांना रुग्णालयात भरती व्हावं लागण्याची शक्यता सव्वादोन पट होती आणि मृत्यूची जवळजवळ अडीच पट. वय, वजन, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान हे सगळं जमेस धरूनही. साठीपुढचं वय आणि अवयवरोपणाचा इतिहास सोडला, तर निष्क्रियता हाच सर्वांत मोठा धोका ठरला.

संशयी : या अभ्यासाची एक बाजू मलाही फार आवडते. व्यायामाची नोंद आजाराच्या आधीची आहे, आजारानंतर आठवून सांगितलेली नाही. हाँगकाँगमध्ये १९९८ साली मरण पावलेल्यांचा असाच एक अभ्यास झाला. मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये फ्लूशी निगडित मृत्यू कमी दिसले. पण तिथे मृत माणूस किती व्यायाम करायचा, हे त्याच्या नातेवाइकांना विचारलं होतं. त्यामानाने कॅलिफोर्नियाच्या नोंदी पुष्कळ भरवशाच्या.

तरी माझी मुख्य शंका सुटत नाही. त्या ४८ हजारांत १५० मिनिटांचा नियम सातत्याने पाळणारे किती होते? ६.४ टक्के. शंभरात सहा. हे सहा जण कोण असतील? ज्यांचे गुडघे दुखत नाहीत, ज्यांना धाप लागत नाही, ज्यांच्या डोक्यावर तीन नोकऱ्यांचं ओझं नाही. आणि शून्य मिनिटं सांगणारा माणूस शून्यावर का आला? कदाचित आळसाने. पण कदाचित त्याचं हृदय निकामी होत चाललं होतं, फुप्फुस आकसत होतं, मन खचलं होतं, आणि हे कुठल्याच रकान्यात नोंदलं गेलं नव्हतं. मधुमेह आहे की नाही याची खूण करता येते. माणूस आतून किती पोखरला आहे याची करता येत नाही. अशा वेळी चालणं कमी होणं हे आजारपणाचं कारण नसून त्याची पहिली चाहूल असतं. तुम्ही कारण आणि चाहूल यांची अदलाबदल करताय.

व्यायामप्रेमी : काही अंशी तसं होत असणार, हे मी नाकारत नाही. पण म्हणून सगळा परिणाम खोटा ठरत नाही. ही शंका मिटवायचा एकच मार्ग, चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे. तेही झालं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात साठी ओलांडलेल्या, बैठं आयुष्य जगणाऱ्या १४४ जणांचे दोन गट पाडले. एका गटाने दहा महिने दमछाक होईल असा व्यायाम केला, दुसऱ्याने ताणण्याचे आणि तोल सांभाळण्याचे हलके प्रकार केले. मधल्या काळात सगळ्यांना फ्लूची लस दिली. पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही गट सारखेच. पण चोवीस आठवड्यांनी, फ्लूचा हंगाम सरत आलेला असताना, व्यायाम करणाऱ्यांपैकी जास्त जणांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं टिकून होती. म्हातारपणात लस लवकर विरते ही जगभरची अडचण. तिथे व्यायामाने फरक पडला, आणि ही निवड नशिबाची होती, तब्येतीची नव्हती.

दुसरी चाचणी विस्कॉन्सिनची, २०१२ साली प्रसिद्ध झालेली. पन्नाशीपुढच्या १४९ जणांचे तीन गट. एका गटाला आठ आठवडे व्यायाम शिकवला आणि मग सर्दी-फ्लूचा पूर्ण हंगाम त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना काहीच शिकवलं नव्हतं, त्या गटाचे मिळून ४५३ दिवस आजारपणात गेले. व्यायामाच्या गटाचे २४१.

संशयी : आणि तिसऱ्या गटाचे?

व्यायामप्रेमी : २५७.

संशयी : तो गट ध्यान करत होता. डोळे मिटून स्वस्थ बसत होता. मग तुमच्या स्नायूंचं, इंटरल्यूकिनचं काय झालं? बसणाऱ्यांनाही जवळजवळ तेवढाच लाभ झाला. कदाचित आठवड्याला चार माणसं भेटतात, कुणी विचारपूस करतं, आपण काहीतरी चांगलं करतोय ही भावना असते, त्याचाच हा गुण असेल. किंवा आजाराची तक्रार नोंदवण्याची वृत्तीच बदलत असेल. अशा सगळ्या चाचण्या २०२० साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने एकत्र तपासल्या. व्यायामाने सर्दी-खोकल्याच्या खेपा कमी होतात असं दिसलं नाही. लक्षणांचा जोर कमी होत असावा, तेही कच्च्या पुराव्यावर. आणि हे सगळं सर्दीबद्दल. आपला विषय आहे गंभीर संसर्ग. हजारो लोकांना वीस वर्षं व्यायाम करायला लावून आणि हजारोंना करू न देऊन, कोण न्यूमोनियाने मरतं हे पाहणारी चाचणी कुणी करणार नाही. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला हवं आहे, त्याच प्रश्नाला चिठ्ठ्यांचा पुरावा मिळणार नाही.

आता मी उलट बाजू मांडते, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. १९४९ साली ऑक्सफर्डच्या रिची रसेल यांनी आणि पाठोपाठ येल विद्यापीठाच्या डोरोथी हॉर्स्टमन यांनी पोलिओच्या पेशंटांची बारकाईने चौकशी केली. ताप, डोकेदुखी, पाठ आखडणं सुरू झाल्यावर जे लगेच अंथरुणाला टेकले, त्यांच्यात लकवा सौम्य राहिला. जे त्याही अवस्थेत खेळत राहिले, कष्ट करत राहिले, त्यांचे हातपाय जास्त गेले. १९७० साली उंदरांवर प्रयोग झाला. हृदयाला सूज आणणाऱ्या कॉक्सॅकी विषाणूची लागण केलेल्या पिल्लांना कोमट पाण्यात पोहायला लावलं. न पोहलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या हृदयात विषाणू शेकडो पटींनी वाढला. आणि माणसांत? स्वीडनमध्ये नकाशा घेऊन रानावनात धावण्याचा खेळ फार लोकप्रिय आहे. १९७९ ते १९९२ या काळात त्या खेळातले १६ तरुण खेळाडू अचानक गेले. शवविच्छेदनात कितीतरी जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज दिसली. देशातली सर्वांत दणकट पोरं होती ती. आपल्याकडे आयसीएमआरने १८ ते ४५ वयाच्या, एरवी धडधाकट माणसांच्या अचानक झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला. कोविडसाठी पूर्वी भरती व्हावं लागणं, घरात आकस्मिक मृत्यू झालेला असणं, आदल्या ४८ तासांत बेसुमार दारू, यांच्या जोडीला आदल्या ४८ तासांतले जबर शारीरिक श्रम हाही एक दुवा निघाला. कोविडची लस घेतलेल्यांना मात्र धोका कमी होता, हे सांगून टाकते, कारण अफवा उलटी आहे.

व्यायामप्रेमी : तुम्ही सांगितलेला प्रत्येक दाखला मला मान्य आहे. पण त्यांच्यातला धागा बघा. पोलिओ अंगात भिनलेला असताना केलेले श्रम. विषाणू हृदयात असताना पोहणं. आजार अंगात आलेला असताना केलेला व्यायाम आणि आजार येण्याच्या आधी वर्षभर केलेला व्यायाम, या दोहोंना एकच शब्द वापरल्यामुळे सगळा घोळ होतो. मी पहिल्याचं समर्थन कधीच करणार नाही. अंगात ताप असताना जिममध्ये जाऊन घाम काढला की ताप पळतो, ही समजूत घातक आहे आणि ती सोडायलाच हवी.

प्रमाणाचाही प्रश्न आहे. १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन यांनी धावपटूंना प्रश्नावली पाठवली. शर्यत धावलेल्यांपैकी १२.९ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात सर्दी-खोकला झाल्याचं कळवलं. तेवढीच तयारी असून न धावलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के. त्यावरून जबर व्यायामानंतर काही तास प्रतिकारशक्तीचं दार उघडं राहतं, असा सिद्धांत रूढ झाला. शर्यतीनंतर रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी कमी झालेल्या दिसतात, हा त्याला आधार. पण २०१८ साली बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल आणि टर्नर यांनी याची फेरतपासणी केली. त्या पेशी मरत नाहीत, त्या रक्तातून उठून फुप्फुसांकडे, आतड्यांकडे, जिथे जंतू शिरण्याची शक्यता तिथे पहाऱ्याला जातात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शिवाय घसा खवखवणाऱ्या खेळाडूंची तपासणी केली तेव्हा तिघांतल्या एकाकडेही धड जंतू सापडला नव्हता. हजारोंची गर्दी, प्रवास, अपुरी झोप, धूळ, हीही कारणं असतील. इलिनॉयमध्ये फ्लूची लागण केलेल्या उंदरांवर मात्र प्रमाणाचा फरक स्वच्छ दिसला. रोज अर्धा तास हलकं धावलेले उंदीर जास्त जगले. रोज अडीच तास धावायला लावलेल्यांना तो लाभ मिळाला नाही.

संशयी : थांबा, इथे तुम्ही स्वतःलाच छेद दिलात. लागण झाल्यावर धावलेले उंदीर जास्त जगले म्हणता, आणि आत्ताच म्हणालात की लागण झाल्यावर व्यायाम नको. फ्लूच्या उंदराला अर्धा तास मानवला, कॉक्सॅकीच्या पिल्लाला पोहणं भोवलं. म्हणजे ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढ्यानेही भागत नाही. कोणता जंतू, कोणता अवयव, कोणत्या दिवशी, हे सगळं आलं. आणि माणसाच्या बाबतीत ‘आधी’ संपून ‘आजार’ कधी सुरू होतो, हे कुणाला कळतं? विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत दोन-चार दिवस जातात. त्या दिवसांत माणूस नेहमीसारखा टेकडी चढून येतो. तेव्हा तो व्यायाम तारतो की मारतो, याचं उत्तर तुमच्याकडे आहे?

व्यायामप्रेमी : नाही. मानेखाली लक्षणं आली, म्हणजे छातीत कफ, ताप, अंगदुखी, धाप, की थांबायचं, हा क्रीडावैद्यकातला ठोकताळा आहे. तो शहाणपणाचा आहे, पण आहे ठोकताळाच.

संशयी : आता मला जास्त सलणारी गोष्ट सांगते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे अंधारात फडात उतरते. दिवसभर कोयता चालवते, मोळ्या बांधते, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. मिनिटं मोजली तर तुमची आठवड्याची १५० मिनिटं ती सकाळीच संपवते. श्रमाने संसर्गापासून रक्षण होत असतं, तर ती या राज्यातली सर्वांत सुरक्षित बाई असायला हवी होती. तिला क्षय होतो, न्यूमोनिया होतो, आणि ती उशिरा दवाखान्यात येते. डेन्मार्कमधले संशोधकही हेच वेगळ्या तऱ्हेने सांगतात : फावल्या वेळेतला व्यायाम हृदयाला मानवतो, पण पोटासाठी केलेले जड श्रम तसे मानवत नाहीत. तुमच्या जवळजवळ सगळ्या अभ्यासांत श्रम म्हणजे फावल्या वेळेत, पोट भरलेलं असताना, स्वतःच्या मर्जीने केलेले श्रम. तो मर्जीचा आणि पोटाचा भाग वगळून उरतं किती?

क्षयाचा इतिहास यासाठीच शिकण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये फ्रिमलीच्या सॅनेटोरियममध्ये मार्कस पॅटरसन पेशंटांना पायरीपायरीने श्रम देत. आधी चालणं, मग टोपल्या वाहणं, मग फावडं. बाकी बरेच डॉक्टर महिनोन्‌महिने सक्त विश्रांती सांगत. दशकानुदशकं वाद चालला. मग १९५६ साली मद्रासमध्ये चाचणी सुरू झाली. १९३ गरीब पेशंट, चिठ्ठ्या टाकून निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे घरी. घरच्यांचं जेवण निकृष्ट, खोल्या कोंदट, विश्रांती कमी, कामं चालूच. दोन्हीकडे औषधं तीच. वर्षाने निकाल जवळपास सारखा लागला. औषध लागू पडल्यावर विश्रांती की श्रम हा अख्खा वाद बाजूला पडला.

व्यायामप्रेमी : पण औषध लागू पडलं म्हणून. सेप्सिसवर तसं औषध आजही नाही. फ्लूवर, न्यूमोनियावर जी औषधं आहेत, ती घेऊनही माणसं जातात. तिथे शरीराची बाजू उरतेच.

संशयी : उरते. पण शरीराची बाजू म्हटली की तुम्ही आधी बूट काढता आणि मी आधी ताट बघते. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांनी क्षयपेशंटांच्या घरच्यांना जादा धान्य आणि डाळ दिली. २०२३ साली निकाल आला : त्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. ही चाचणीही चिठ्ठ्या टाकूनच केलेली. व्यायामाच्या पुराव्यात मला इतकं पक्कं काही दाखवा.

व्यायामप्रेमी : दाखवता येणार नाही. आणि ऊसतोड बाईला कुणी व्यायाम सांगू नये, तिला धान्य, झोप आणि वेळेवर दवाखाना मिळायला हवा, याबद्दल आपल्यात दुमत नाही. पण या राज्यात ती एकटी राहत नाही. महाराष्ट्रासह चार ठिकाणी आयसीएमआरने केलेल्या पाहणीत ५४.४ टक्के लोक निष्क्रिय निघाले, आणि फावल्या वेळेत काही खेळणारे-फिरणारे दहा टक्केही नव्हते. हा आकडा २०१४ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे कोविडच्या सहा वर्षं आधी. मी बोलतोय ते त्या निम्म्या महाराष्ट्राबद्दल.

आणि तुमच्या टीकेतून माझं म्हणणं थोडं बदललं आहे, ते नीट मांडतो. व्यायाम हे जंतूला अडवणारं चिलखत आहे, असं मी आता म्हणणार नाही. व्यायाम ही गंगाजळी आहे. गंभीर आजारात शरीर स्नायू मोडून खातं. त्यातून निघणारे घटक प्रतिकारपेशींना, यकृताला, जखम भरायला लागतात. लंडनमध्ये आयसीयूतल्या ६३ पेशंटांच्या मांडीवर अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवून पुढच्या स्नायूचा छेद मोजला. दहा दिवसांत तो सुमारे १८ टक्क्यांनी घटला. ज्यांचे एकाहून जास्त अवयव निकामी झाले होते, त्यांचा आणखी जास्त. हे झालं आजारात. नुसतं झोपवून ठेवलं तरी काय होतं, ते १९६६ साली डॅलसमध्ये दिसलं. वीस वर्षांच्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं, तर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा मोजलं. तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता नेली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी नेली होती. ज्याच्याकडे मुळात भरपूर आहे, तो एवढा खर्च सोसून उभा राहतो. ज्याच्याकडे जेमतेम जिना चढण्यापुरतं आहे, तो संसर्गातून वाचूनही संडासापर्यंत चालत जाऊ शकत नाही. टोरांटोत फुप्फुसं निकामी होऊन आयसीयूतून वाचलेल्यांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. फुप्फुसं जवळपास पूर्ववत झाली होती. पण सहा मिनिटांत चालता येणारं अंतर पाच वर्षांनीही अपेक्षेच्या ७६ टक्केच होतं. कोविडच्या काळात आपणही बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पाहत होतो. त्या सहा मिनिटांमागे काय काय असतं, ते इथे दिसतं.

संशयी : गंगाजळीची मांडणी मला चिलखतापेक्षा खूपच जास्त पटते. डॉक्टर म्हणून डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींशी ती जुळते. पण तिलाही तपासू. स्नायूच महत्त्वाचे असतील, तर आयसीयूत लवकर उठवून हालचाल करवली की लोक वाचायला हवेत. २००९ साली अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीने आशा दाखवली होती. लवकर उठवलेल्यांपैकी ५९ टक्के लोक घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकत होते, इतरांत ३५ टक्के. मग २०२२ साली ७५० पेशंटांची मोठी चाचणी झाली. जास्त हालचालीने घरी काढलेले दिवस वाढले नाहीत, उलट हृदयाचे ठोके बिघडणं, ऑक्सिजन उतरणं असे त्रास दुपटीहून जास्त झाले.

व्यायामप्रेमी : त्या चाचणीतल्या दुसऱ्या गटालाही हालचाल करवतच होते. रोज नऊ मिनिटं. पहिल्या गटाला एकवीस. फरक बारा मिनिटांचा. त्यातून हालचाल निरुपयोगी ठरत नाही. अंथरुणावर खिळलेल्याकडून जास्तीचं काढून घेऊ नये, एवढं ठरतं. गंगाजळी संकटाआधी जमवायची असते, हे त्यातूनच निघतं.

संशयी : तेवढ्यापुरतं मान्य. आता माझा शेवटचा आक्षेप, आणि तो आकड्यांचा नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत वॉर्डाच्या दाराशी नातेवाईक मला विचारायचे, “ते रोज पहाटे चालायला जायचे हो, मग असं कसं झालं?” त्या प्रश्नात दुःखाइतकाच फसवणूक झाल्याचा भाव असे. आणि जे चालायला जात नसत, त्यांच्या घरच्यांच्या चेहऱ्यावर अपराध. दोघांनाही आपण समाज म्हणून चुकीचं शिकवलं होतं. अडीच पट धोका हा हजारोंच्या गर्दीचा हिशेब आहे. एका माणसाचं मरण तो समजावून देत नाही. चालणाराही मरतो, न चालणारा वाचतो, आणि वय, विषाणूचा डोस, लस, खाट मिळाली की नाही, याने कितीतरी जास्त ठरतं. व्यायामाचा प्रचार करणाऱ्यांनी हे वाक्य दर वेळी सोबत बोललं पाहिजे. ते बोलत नाहीत.

व्यायामप्रेमी : यापुढे मी बोलेन. पण तुम्हीही एक करा. पुरावा अपुरा आहे, असं म्हणून डॉक्टर गप्प बसतात, तेव्हा त्या मोकळ्या जागेत काढे आणि पावडरी विकणारे शिरतात. रोज अर्धा तास झपाझप चालण्याने तोटा होण्याची शक्यता नगण्य आणि लाभ होण्याची शक्यता बरीच, एवढं तरी पेशंटला सांगाल ना? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम. तो दुसरा भाग आपल्याकडे कुणीच ऐकत नाही, बायका तर नाहीच.

संशयी : सांगते, आणि पुढेही सांगेन. चाला, वजन उचला, ताप आला की थांबा, बरं झाल्यावर हळूहळू वाढवा, छातीत दुखलं किंवा ठोके चुकले की आधी दाखवा, लस घ्या. फक्त हे सांगताना ‘त्याने न्यूमोनिया होणार नाही’ असं वचन देणार नाही. आणि ज्याच्या ताटात डाळ नाही, त्याला मिनिटं मोजायला सांगणार नाही.

व्यायामप्रेमी : मग आपण भांडतोय कशावर?

संशयी : किती, यावर. अडीच पटीतला किती भाग व्यायामाचा आणि किती भाग व्यायाम करू शकण्याइतक्या नशिबाचा, यावर. ते तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. कॅलिफोर्नियातल्या दवाखान्यांनी साथ येण्याच्या कितीतरी आधीपासून दोन प्रश्न विचारून ठेवले होते, म्हणून त्यांच्याकडे निदान वाद घालण्याजोगं काहीतरी आहे. आपल्याकडे केसपेपरवर तंबाखू आणि दारूची विचारणा होते, चालण्याची होत नाही, जेवणाचीही होत नाही. माझ्या व्यवसायबंधूंना आणि सरकारी दवाखाने चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की, रक्तदाब घेताना तीन प्रश्न जास्तीचे विचारा : आठवड्यात किती चालता, कामात किती कष्ट पडतात, दोन वेळा पोटभर जेवता का. उत्तरं नोंदवून ठेवा. पुढची साथ येण्याआधी नोंदवा, कारण ती आल्यावर विचारलेल्या प्रश्नांना या बाबतीत फारशी किंमत नसते.